खाऱ्या पाण्याचे वाटेकरी

सालिस-द-बेआर्न हे नैर्ऋत्य फ्रान्समधले, पिरेनीजच्या पायथ्याकडचे, सालेस या लहानशा नदीच्या काठी वसलेले गाव. समुद्र इथून 50 किलोमीटरच्या आसपास दूर. तरी जमिनीतून वर येणारे पाणी समुद्राहून कित्येक पट खारट. गावाची वारसा-फेरी सुरू होते ती बाया चौकात, याच झऱ्याच्या माथ्यावर. झरा जमिनीखाली झाकलेला आहे. वरच्या कारंज्यावर रानडुकराचे मुंडके. दंतकथेनुसार शिकाऱ्यांच्या हातून निसटलेले जखमी डुक्कर इथल्या दलदलीत मेले, आणि सापडले तेव्हा अंगभर मीठ चढलेले होते. संस्थापकाचा मान राजाला किंवा संताला न देता डुकराला देणारे गाव विरळाच, आणि तेवढ्यासाठीच लोभस.

मीठ म्हणजे पैसा. त्यामुळे पाण्यावरून भांडणे आलीच. 11 नोव्हेंबर 1587 रोजी वाटणीचे नियम लेखी झाले. त्यांनुसार झरा राजाचा नाही, सरदाराचा नाही, चर्चचाही नाही. तो जुन्या कुटुंबांच्या वंशजांचा, आणि तेही गावात राहत असतील तरच. नुसते रक्त पुरेसे नव्हते, चूल गावात पेटायला हवी होती. हे वाटेकरी म्हणजे ‘पार-प्रनाँ’. पाणी मोजायचे माप ‘सामो’ नावाचे लाकडी भांडे, सुमारे 92 लिटरचे. भारवाहक ते उचलून गल्लीबोळांतून धावत आणि घराबाहेरच्या दगडी कुंडात, ‘कुलेदे’त, ओतत. तिथून पाणी आतल्या साठवणीत जाई. मग उकळून आटवायचे, तळाशी मीठ. वाटेकऱ्यांची ही संस्था आजही आहे, झऱ्याच्या उत्पन्नातला वाटाही मिळतो, आणि सप्टेंबरातल्या मिठाच्या उत्सवात भारवाहकांची शर्यत लागते. बायोनच्या प्रसिद्ध हॅमलाही इथले मीठ लागते. जवळच मिठाचे संग्रहालय आहे; पण भिंतींलगत उरलेली कुंडे पाहिली की काचेआडच्या अवजारांपेक्षा तीच अधिक बोलकी वाटतात.

पुढे वाट नदीवर येते. चंद्राच्या नावाच्या पुलावरून पाण्यात खांब रोवून उभी राहिलेली जुनी घरे आणि त्यांची उतरती छपरे दिसतात. छायाचित्रे इथलीच सर्वाधिक निघतात, आणि ते योग्यच आहे.

नदीपलीकडचा थाट निराळा. 19व्या शतकात वैद्यांनी खाऱ्या स्नानाची महती गायली आणि मिठाचे गाव आरोग्यस्थान झाले. 1888 मधील आगीनंतर स्नानगृह पुन्हा उभे राहिले ते मूरिश शैलीत, रंगीत विटांच्या पट्ट्यांचे; जरा मिरवणारे, पण आनंदी. संधिवाताचे रुग्ण आजही इथे येतात. झऱ्याचे पाणी इतके तीव्र की स्नानासाठी त्यात गोडे पाणी मिसळावे लागते. शेजारची बाग, संगीताचा मंडप आणि सज्जांच्या रांगा असलेले जुने ‘ओतेल द्यु पार्क’ पाहिले की फेरी पूर्ण होते.