मिरगाची पैज

1983 साली मिरग आणि रमजान आठवड्याच्या अंतरानं आले. बाहेर पावसाची झड आणि घरात आम्ही तीन भावंडं. आपा पंधरा वर्षांची, आम्ही दोघे भाऊ तिच्याहून धाकटे. त्या वर्षी आपानं पैज काढली. मिरगापासून दसऱ्यापर्यंत कोण जास्त पुस्तकं वाचतो ते बघायचं. पुस्तक मात्र भुताचं, जादूचं नाहीतर चमत्काराचं पाहिजे. जुन्या वह्यांची कोरी पानं शिवून तिनं हिशेबाची वही केली. वाचून झालं की रात्री ती गोष्ट बाकीच्यांना सांगायची. सांगता आली नाही तर पुस्तक वहीत चढायचं नाही.

अब्बा शिलाईकाम करायचे. मशीन थांबवून ते म्हणाले, "कायकू पढते रे ये भूतां-शैतानां के किताबां? वो भी रमजान में?" आपाजवळ उत्तर तयार होतं. रमजानात सैतान जखडलेला असतो, हे मौलवीसाहेबांनी जुम्याला सांगितलं होतं. मग भुताचं वाचायला याहून बिनधोक महिना कुठला? अब्बा हसले. हसले म्हणजे परवानगी मिळाली, असं आम्ही धरून चाललो.

25 जूनच्या रात्री सगळी गल्ली रेडिओभोवती जमली होती. कपिल देवच्या संघानं विश्वचषक जिंकला, फटाके वाजले. आपा तेव्हा आत कंदिलाशी नारायण धारपांची कादंबरी घेऊन बसली होती. सगळे बाहेर आहेत तोवर आपलं एक पुस्तक पुढे, असा तिचा हिशेब!

पुस्तकं गावच्या वाचनालयातून यायची. पाच रुपये अनामत, महिन्याला एक रुपया वर्गणी. कार्ड अब्बांच्या नावावर आणि रजिस्टरात सही आमची. आमच्या मोहल्ल्यातली मुलगी वाचनालयाची पायरी चढत नसे. तिला कुणी मनाई केली होती असं नाही, पण जायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. आपा चिठ्ठीवर नावं लिहून द्यायची आणि आम्ही भिजत जाऊन पुस्तकं आणायचो. धारप, रत्नाकर मतकरी, नाथमाधवांचं 'वीरधवल', कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या अरबी भाषेतल्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी. शाळेच्या इतिहासात आपल्यासारख्या नावाचा माणूस आला की तो बहुधा शत्रूच्या छावणीत असायचा. इथं मात्र मराठी पुस्तकात खलिफा हरून-अल-रशीद वेष पालटून रात्री बगदादच्या गल्ल्या फिरत होता आणि गोष्ट त्याच्या बाजूनं होती. ते वाचताना आम्हाला काय वाटायचं, ते तेव्हा सांगता येत नव्हतं.

धारपांचे समर्थ मंत्राच्या बळावर दुष्ट शक्तींना परतवून लावायचे. पुस्तक मिटलं, कंदील बारीक केला, की आमची पंचाईत व्हायची. मंत्र आम्हाला येत नव्हता. मग तिघंही गोधडीत तोंड घालून आयतुल कुर्सी म्हणायचो. मराठीतलं भूत अरबीला भिईल का, अशी शंका धाकट्यानं एकदा काढली. आपा म्हणाली, "भिएल. पुस्तकातून बाहेर आलं की त्याला कोणतीपण भाषा चालती."

घरात आणखी एक खजिना होता. नानांच्या ट्रंकेत कडुलिंबाच्या पाल्यात ठेवलेले 'तिलिस्म-ए-होशरुबा'चे पहिले दोन भाग. ते लखनौच्या नवलकिशोर छापखान्यातले होते. मूळ दास्तानचे भाग सात. पहिले चार मुहम्मद हुसेन जाह यांचे, पुढचे तीन अहमद हुसेन कमर यांचे. आम्ही मराठी शाळेतले, त्यामुळे कुरआनपुरती अक्षरं ओळखायचो, पण उर्दू वाचता येत नव्हती. आपाला नानांनी शिकवली होती. जादूगारांचा बादशहा अफ्रासियाब, अमर अय्यार आणि काहीही टाकलं तरी न भरणारी त्याची झंबील, हे सगळं ती उर्दूत वाचायची आणि आमच्या घरच्या बोलीत, मधेमधे मराठी मिसळून सांगायची. ते पुस्तक एकट्या तिच्या नावावर चढायचं. आम्ही तक्रार केली तर म्हणायची, "तुम्ही पण शिका की."

आम्ही शिकलो नाही.

पैज तीन पावसाळे चालली आणि तिन्ही वेळा आपा जिंकली. मधे तिची दहावी झाली आणि शाळा थांबली. 1986 च्या सुरुवातीला तिचं लग्न ठरलं. होशरुबाचा दुसरा भाग तेव्हा निम्मा वाचून झाला होता. ट्रंक मामांच्या वाटणीला गेली. वहीत शेवटची ओळ तिच्या अक्षरात आहे: 'होशरुबा, भाग 2, अर्धा.'

सासरची माणसं चांगली होती, हे मुद्दाम सांगायला हवं. तालुक्यापासून लांबचं गाव होतं, घरात पुस्तक नव्हतं. 1989 मध्ये आपाचं दुसरं बाळ सातव्या महिन्यात गेलं. त्यानंतर ती खाईना, उभी राहिली की तोल जायचा, दिवेलागणीला रडत बसायची. चार बायका जमल्या की 'लागीर झालंय', 'चिंचेखालून गेली होती' असं बोलणं सुरू व्हायचं. शेवटी एका आमिलाला बोलावलं. लोबानचा धूर झाला, दार लावून घेतलं, आणि तो तिला विचारू लागला: तू कोण? कुठून आलास? हिला कुठं धरलंस? काय घेऊन जाशील?

पुढचं आम्हाला तिच्या सासूनंच सांगितलं. आपा बराच वेळ मान खाली घालून ऐकत होती. मग मान वर करून सरळ म्हणाली, "ये सब मैं किताबां में पढी. उसमें भी ऐसाच बोलते. अब ये काली मुर्गी मांगेंगा."

त्यानं काळी कोंबडीच मागितली.

खोलीत कुणी हसलं नाही. पण सासू उठली आणि तिनं दार उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ती सुनेला तालुक्याला डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त सहावर आलेलं होतं. आम्ही दोघे भाऊ धावत गेलो, पण रक्त जुळलं ते तिच्या दिराचं. महिनाभरात आपा माहेरी आली आणि ताटातलं सगळं खाऊ लागली.

'असलं वाचून पोरं बिघडतात, अंधश्रद्धाळू होतात,' असं आम्ही दोन्हीकडून ऐकलं. मशिदीतही आणि शाळेच्या शिक्षकखोलीतही. आमचा अनुभव उलटा आहे. ज्यानं भुताच्या पन्नास गोष्टी वाचल्या, त्याला गोष्ट कशी रचतात हे कळतं. धूर कधी करायचा, दार कधी लावायचं, प्रश्न कोणत्या क्रमानं विचारायचे, हे त्याला पाठ असतं. ज्यानं एकही वाचली नाही, तो समोरच्याची गोष्ट खरी मानून बसतो. जिन्न आहेत, हे कुरआनात आहे आणि त्यावर आमचा ईमान आहे. पण प्रत्येक अशक्त बाईच्या अंगात ते बसलेत, असं कुरआनात कुठं लिहिलंय? महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली झाला. त्याच्या चोवीस वर्षं आधी आपाच्या हाताशी होती ती फक्त वाचलेली पुस्तकं. तीही दुसऱ्याच्या सहीनं आणलेली.

नंतरची वर्षं संसारात गेली. 2020 च्या मे महिन्यात, टाळेबंदीतल्या रमजानात, मतकरी कोरोनानं गेल्याची बातमी आली. त्या रात्री आपाचा फोन आला. पहिल्यांदा तिनं मतकरींच्या दोन कथा सांगितल्या, पस्तीस वर्षांपूर्वी सांगितल्या होत्या तशाच. मग म्हणाली, "वही आहे का रे?" वही होती. मिरगाला पैज पुन्हा सुरू झाली, फोनवर. आता त्यात भाचरं आहेत, त्यांची पोरं आहेत. कुणी हॅरी पॉटर वाचतं, कुणी 'तुंबाड' सिनेमा बघून धारपांकडे येतं, कारण त्या सिनेमामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे. अट तीच, गोष्ट सांगता आली पाहिजे.

होशरुबाचे सगळे भाग आता रेख्ताच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात. नातवानं टॅबवर लावून दिले. आपानं दुसरा भाग जिथं सोडला होता तिथूनच धरला आणि दोन पावसाळ्यांत सातव्याच्या शेवटाला पोचली. अफ्रासियाब मेला, तिलिस्म फुटलं. आम्ही विचारलं, "कसा वाटला शेवट?"

"बरा आहे," ती म्हणाली. "पण पोरांना इतकी वर्षं मी जो सांगत आले, तो जास्त चांगला होता."

दोन्ही शेवट आम्ही तिच्या नावावर चढवले. गावच्या वाचनालयात आता तिच्या नातीचं कार्ड आहे, आणि रजिस्टरात सही तिची तीच करते.