टाकलेलं तिकीट

मी तेव्हा नववीत होतो. अकोला-वाशीम रस्त्यावर मेडशीत बाबांचं चहाचं हॉटेल होतं. राज्य लॉटरी 1969 पासून सुरू होती. अकोल्याकडून एस.टी.नं पेपर आला, की आमच्या बाकड्यावर नंबर जुळवायला माणसं जमत.

एका सकाळी शेजारच्या खेड्यातल्या एका सालदारानं खिशातून तिकीट काढलं, पेपरशी ताडून पाहिलं, चुरगळून टाकलं आणि कामाला गेला. झाडताना ते मी उचललं. तासाभरानं एस.टी. आली. त्यानं पाहिलेला पेपर कालचा होता. ताज्या पेपरात तोच नंबर, हजार रुपये! मी ओरडलोच.

संध्याकाळी तो धापा टाकत आला. "माह्यं तिकीट हाय थे."

"टाकलं तवाच तुह्यं सरलं," बाकड्यावरून कुणी म्हणालं. निम्मं हॉटेल माझ्या बाजूनं होतं. मला तर नवी सायकल दिसू लागली होती.

बाबांनी त्याला विचारलं, "भाऊ, पेपर कालचा हाय हे ठाऊक असतं, तर टाकलं असतं का?" त्यानं नकारार्थी मान हलवली. मग बाबा माझ्याकडे वळले. "अन् तुले माईत होतं ना, कोणाचं हाय थे?"

मी तिकीट त्याच्या हातात दिलं. दोन दिवस बाबांशी बोललो नाही.

पुढे कायदा वाचताना बाबांचा दुसरा प्रश्न भेटला. 2024 पर्यंत लागू असलेल्या 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या कलम 403 मध्ये रस्त्यात सापडलेल्या रुपयाचं उदाहरण होतं. मालक कोण हे माहीत नसताना तो उचलला, तर गुन्हा नाही. पण मालक माहीत असून सापडलेली वस्तू स्वतःची केली, तर गुन्हा. पहिला प्रश्न अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात उभा राहिला. दुकानातल्या यंत्रानं 'लागलं नाही' असं दाखवलं म्हणून तिकीट टाकलं, असं एका बाईचं म्हणणं होतं. दुसरीनं ते उचलून दहा लाख डॉलर घेतले. 2012 साली तिथल्या न्यायाधीशांनी टाकणारीच्या बाजूनं निकाल दिला.

बाबांचा निवाडा बरोबर होता. सालदारानं कागद टाकला होता, बक्षीस नव्हे.

तिकीट घेतलंत, तर लगेच मागे नाव-पत्ता लिहून सही करा. आणि दुसऱ्याचं सापडलं, तर आधी त्याला हाक मारा.