वाण्याचं कॅलेंडर

डिसेंबरअखेरीस किराणा सामानाच्या पिशवीतून मान बाहेर काढून हे घरी येतं. कमरेला रबरबँड. तो काढला तरी गुंडाळून बसायची सवय लवकर सुटत नाही. भिंतीवर लावलं की दुसऱ्या सकाळी खालची टोकं पुन्हा वर वळलेली. मग त्यांना कपड्यांचे चिमटे लावावे लागतात, तेव्हा कुठे ते ताठ उभं राहतं.

फुकट असलं तरी ते सहज मिळत नाही. वाण्याने गठ्ठा गल्ल्याखाली ठेवलेला असतो. महिन्याची यादी देणाऱ्याला न मागता मिळतं, उधारी थकवणाऱ्याला मागूनही नाही. म्हणूनच “आम्हाला घरपोच पाठवलं हो,” असं सांगताना सांगणाऱ्याचा आवाज जरा चढतो.

घराण्याचा त्याला अभिमान असावा. राजा रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि लक्ष्मी-सरस्वती स्वस्तात घरोघर पोचल्या. ते देव पुढे जाहिरातीच्या कॅलेंडरांवर आले. आता याचं माहेर तामिळनाडूतलं शिवकाशी, फटाक्यांचं आणि काडेपेट्यांचं गाव. तिथे ऑगस्टच्या सुरुवातीला, आडी पेरुक्कु या तामिळ सणाच्या दिवशी, पुढच्या वर्षाच्या नमुन्यांचे आल्बम निघतात. वाणी त्यातला देव निवडतो आणि आपलं नाव छापून घेतो. त्यामुळे तीच लक्ष्मी सोनाराच्या कॅलेंडरवरही दिसते. वेगळी फक्त तळाची पट्टी. तिथे मात्र नाव तारखांहून ठळक, शेजारी फोन नंबर, आणि खाली “आमची कोठेही शाखा नाही”.

1973 सालापासून त्याला एक मोठा शेजारी आहे: कालनिर्णय. चंद्रोदय, एकादशी, लग्नाचे मुहूर्त, मागच्या पानावर वाचायचा मजकूर, सगळं त्याच्याकडे. घरात दर्शनी जागा त्याची. आपल्या या पाहुण्याला स्वयंपाकघराच्या दारामागचा खिळा मिळतो. पण त्याच्या चौकोनांत तारखेशिवाय फारसं काही छापलेलं नसतं, आणि तीच त्याची खरी श्रीमंती. दुधाचा खाडा, सिलिंडर लावल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी, पेपरवाल्याला दिलेले पैसे, सगळं तिथे पेन्सिलीने उतरतं. दुधवाल्याशी हिशेबाचा वाद झाला की याला खिळ्यावरून उतरवून दारापर्यंत नेतात, आणि त्याची साक्ष दोन्ही पक्ष मानतात. असं दिवसातून चारदा त्याच्याकडे बघणं होतं, आणि दरवेळी तळाची पट्टी डोळ्यांखालून जाते. साबण संपला की कुठल्या दुकानाचा नंबर फिरवायचा, हे शोधावं लागत नाही. इतक्या स्वस्तात वर्षभर इतकं इमानाने राबणारा दुसरा नोकर कुठल्याच दुकानदाराकडे नसेल.

सप्टेंबर 2020 मध्ये केंद्र सरकारने आपल्या खात्यांना आणि सरकारी बँकांना कॅलेंडर-डायऱ्या छापणं बंद करायला सांगितलं. बँकेचं गुळगुळीत कॅलेंडर गेलं, बैठकीच्या खोलीतला खिळा मोकळा झाला. पुष्कळ घरांत तिथे वाण्याचं कॅलेंडर आलं आणि इतकं रुळलं, की जणू जागा पहिल्यापासून त्याचीच.

वर्ष सरलं तरी त्याला घराबाहेर काढणं जड जातं. देव पायाखाली येऊ नये म्हणून लक्ष्मी आधी कापून घेतात. ती देवघराच्या भिंतीवर जाते. उरलेली पानं मांडणीवर अंथरतात. मग एखाद्या दुपारी डाळीचा डबा उचलावा, तर खाली तेलाच्या डागातून दुकानाचं नाव आणि फोन नंबर स्वच्छ वाचता येतो.