हातचा

घाटंजीस आमच्या पडवीत एक काळी पाटी टांगलेली असे. वडील प्राथमिक शिक्षक. शाळा सुटली तरी गणित त्यांना सोडीत नसे. कापसाच्या हंगामात रस्त्यावर गाड्यांचा गलबला चाले, आणि ते शांतपणे एकाच्या आकड्यांचे वर्ग करीत बसत. 11 चा वर्ग 121, 111 चा 12321. असे वाढत गेल्यास नऊ एकांचा वर्ग 12345678987654321 येतो. एकापासून नवापर्यंत चढून पुन्हा एकावर उतरणारी ही संख्या सतरा स्थानांची आहे. 'लीलावती'तील नामावली धरली तर ती 'मध्य' स्थानी पोहोचते. परार्ध एकच पायरी पुढे.

1992 साली एम. एस्सी. होऊन मी घरी आलो. वडिलांनी मोठ्या हौसेने ती संख्या मला दाखविली. "बाबा, ही गंमत झाली. याला गणित म्हणत नाहीत," मी म्हणालो. ते हसले आणि त्यांनी पाटी पुसली. पुढे त्यांनी मला कधीच काही दाखविले नाही.

या संख्यांना 'डेम्लो' हे नाव देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी डोंबिवली स्थानकावरून दिले, हे मला फार उशिरा कळले. आपल्याकडील विद्वानांनी त्यांची बरीच उपेक्षा केली. 1975 साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेत त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे आम्हां पदवीधरांना जाग आली. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येस कापरेकर 'हर्षद' म्हणत. वडिलांची संख्या तशीच आहे. तिच्या अंकांची बेरीज 81. नऊ एकांच्या संख्येस नवाने भाग जातो, भागाकार 12345679 (आठ तेवढा गैरहजर!), म्हणून तिच्या वर्गास 81 ने भाग जाणारच.

वडील गेल्यावर ट्रंकेत त्यांची एक वही सापडली. एका पानावर दहा एकांचा गुणाकार मांडलेला होता. उभ्या रकान्यांत एक, दोन, तीन असे एके वाढत जातात; नवापर्यंत सारे सुरळीत. दहा एके मधल्या रकान्यात आले, की शून्य मांडून हातचा घ्यावा लागतो. तो शेजारच्या नवास जाऊन मिळतो, तेथेही शून्य उरते, आणि पुढचा हातचा आठाचा नऊ करतो. उत्तर 1234567900987654321. चढणीवरचा आठ नाहीसा झाला, शिखराच्या जागी दोन शून्ये. त्या रकान्याभोवती तांबड्या शाईने वर्तुळ काढून त्यांनी लिहिले होते, "येथे मोडते. कारण हातचा."

पानाच्या कोपऱ्यात तारीख होती. मी एम. एस्सी. होऊन घरी आलो, त्याच्या दुसऱ्या दिवसाची.