दुखणेकऱ्याचं ताट

आमच्या घरात कुणी अंथरूण धरलं की पहिला निरोप माईकडे जायचा, मग डॉक्टरकडे. डॉक्टर दहिवडीला, एसटीच्या वेळेवर अवलंबून. माई चुलीपाशी, हाकेच्या अंतरावर. माई म्हणजे आमची थोरली काकू. सख्खी, चुलत, आते अशी आम्ही सगळी भावंडं तिला माईच म्हणायचो. ती कपाळाला हात लावायची, जीभ बघायची, "पोटात कळ हाय का? काल काय खाल्लं हुतंस?" एवढं विचारायची आणि त्यावरून ताट ठरायचं.

पडसं-खोकला असेल तर हुलग्याचं माडगं. हुलगे भाजून दळलेलं पीठ तिच्या डब्यात बारमाही असे. ते पाण्यात कालवून, लसूण ठेचून घालून, मंद विस्तवावर घोटत शिजवायचं आणि वाफ निघत असताना प्यायचं. तापातून उठणाऱ्याला जोंधळ्याच्या कण्या. शाळू ओलसर करून उखळात कांडायचा, कोंडा पाखडायचा, जात्यावर जाडसर भरडायचा. मग भरपूर पाण्यात इतका वेळ शिजवायचा की दाणा बोटानं दाबला की विरघळावा. वर ताजं ताक आणि मीठ. कावीळ झालेल्याचं तेल-तूप बंद. बाळंतिणीला अळीव, डिंक, बाजरीची भाकरी. आमच्या माण तालुक्यासारख्या कोरड्या भागात तांदूळ ही चैन होती. पाहुणा किंवा दुखणेकरी यांच्यासाठीच भाताचं भांडं चढायचं. धाकटी आतेबहीण त्या मऊ भातासाठी पोट दुखत असल्याचं सांगे आणि माईला ते कळूनही ती भात टाकी.

त्या अन्नाला आम्ही सेंद्रिय म्हणत नव्हतो. शेतात उकिरड्यावरचं कुजलेलं शेणखत पडे, मेंढ्यांचा कळप रात्रभर बसवला जाई. कडधान्य राखेत घोळून ठेवत, डाळीला एरंडेलाचा हात लावत, ज्वारीच्या कणगीत कडुनिंबाचा पाला घालत. दुसरं काही परवडतही नव्हतं आणि मिळतही नव्हतं.

म्हणून त्या काळाला सोन्याचा मुलामा द्यायला आम्हा थोरल्या भावंडांचं मन धजत नाही. १९७२ आम्हाला आठवतं. विहिरी आटल्या, पेवं रिकामी झाली, घरातली कर्ती माणसं खडी फोडायला दुष्काळी कामावर गेली. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो ज्वारी आली. तिची भाकरी थापताना माईच्या हाताखाली चिरत जायची. कामावर सुकडी मिळायची. ती पदरात बांधून बायका पोरांसाठी घरी आणायच्या. त्या वर्षी दुखणेकऱ्यालाही कण्या नव्हत्या. निर्मळ पण अपुरं अन्न कुणालाही बरं करत नाही, हे आम्ही पुस्तकात वाचलं नाही, घरात पाहिलं. म्हणून त्यानंतर हायब्रीड ज्वारीनं कणग्या भरल्या तेव्हा आमच्या वडीलधाऱ्यांना किती हायसं वाटलं असेल, हे आज खतांवर बोलताना विसरू नये.

हायब्रीडच्या मागोमाग युरियाची पोती आली, मग बीएचसी या कीटकनाशकाची पावडर, मग गोठ्याच्या कोनाड्यात एंड्रिनचा डबा. त्या डब्याजवळ पोरांना फिरकू देत नसत. पुढे एंड्रिनवर १९९० मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली. पण कोनाडा रिकामा राहिला नाही, नावं बदलली.

आमच्या घरात खरा बदल डाळिंबानं केला. कमी पाण्यावर येणारं, पैसा देणारं फळ. आधी गणेश, मग भगवा. दादानं, म्हणजे माईच्या मुलानं, आमच्या थोरल्या चुलत भावानं, माळावर बाग उभी केली. त्या बागेनं बहिणींची लग्नं झाली, घरावर स्लॅब पडला, आमच्यातल्या दोघांची इंजिनिअरिंगची फी भरली गेली. मग तेल्या रोग आला. पानावर तेलकट डाग, फळावर काळे ठिपके, मग फळ चिरतं. पावसाळी हवा पडली की दादा पाठीवर पंप घेऊन बागेत. बोर्डो मिश्रण, स्ट्रेप्टोसायक्लिन, फुलकिड्यांसाठी आणखी काही. रात्री तो जेवायला बसला की हातांना साबण लावूनही तो वास जात नसे.

आणि अशा वेळी माईला स्तनाचा कर्करोग निघाला.

शस्त्रक्रिया झाली, केमो सुरू झाली, आणि ती पुण्याला धाकट्या काकांकडे राहायला आली. भेटायला येणारा प्रत्येक जण पिशवीतून डाळिंबं आणायचा, कारण आजाऱ्याला डाळिंब न्यायचं हे आपल्याकडे ठरलेलंच आहे. दादाही आला, पण रिकाम्या हातानं. माईनं विचारलं, "बागंत फळ न्हाई व्हय रं?" तो म्हणाला, "फळ हाय. चार दिसांमागं फवारा मारलाय. तुला न्हाई आणलं." औषध फवारल्यापासून फळ तोडेपर्यंत ठरावीक दिवस जाऊ द्यावे लागतात, ते त्या बाटलीवरच छापलेलं असतं. दादा ते दिवस पाळणारा शेतकरी. तरी आईसाठी फळ तोडायला त्याचा हात झाला नाही. त्या संध्याकाळी सगळी भावंडं बोलत बसलो, आणि माईसाठी विषाशिवाय पिकलेलं अन्न मिळवायचं हे ठरलं.

आज वाटतं, तो निर्णय बरोबर होता. तो आमच्या हातून वाहवत गेला नाही याचं श्रेय मात्र माईच्या डॉक्टरीणबाईंचं. कुणी गव्हांकुराचा रस सुचवत होतं, कुणी फक्त कच्च्या भाज्या, कुणी दूध-साखर-धान्य सगळंच सोडायला सांगत होतं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अन्न सेंद्रिय आणा, आनंदानं आणा. पण ते औषधाच्या जागी नाही, आणि ते कमी पडता कामा नये. यांचं वजन उतरलं तर मला केमो पुढे ढकलावी लागेल." पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चं काही नको, हेही त्यांनीच बजावलं. शेणखतावर वाढलेल्या पालेभाजीवर कीटकनाशक नसेल, जंतू असू शकतात. म्हणून भाजी नळाखाली नीट धुवायची, शिजवायची, फळ सोलूनच द्यायचं, पाणी उकळलेलं.

तेव्हा आमची मांडणी बदलली. आधी पुरेसं, मग पचेल असं, मग निर्मळ. प्रथिनं हवीत म्हणून रोज अंडं, घट्ट वरण, पनीर; यातलं जे सेंद्रिय मिळेल ते, न मिळेल ते साधं. तोंड आलं तेव्हा मिरचीविना नाचणीची आंबील. उलट्यांच्या दिवसांत दर दोन तासांनी चार घास. यातलं निम्मं माईनंच आम्हाला लहानपणी भरवलेलं होतं. सुनांना ती खाटेवरून सांगायची, "कण्या आजून शिजू दे. घाई नगं."

निर्मळ माल ओळखायचा कसा, हे आम्ही हळूहळू शिकलो. दुकानातला गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून त्यात हायड्रोज नावाचं रसायन घालतात. रसायनाविना केलेला गूळ गडद असतो; तिथं उसाच्या रसातली मळी रानभेंडीच्या चिकट पाण्यानं काढलेली असते. पण नुसत्या काळ्या रंगावरून गूळ शुद्ध ठरत नाही. डाग पडलेलं वांगं म्हणजे सेंद्रिय वांगं, असंही नाही. वरच्या औषधाचा काही भाग धुण्यानं जातो. झाडाच्या रसात मुरणारं औषध धुण्यानं जात नाही. शेत रसायनातून सेंद्रियकडे न्यायचं तर राष्ट्रीय नियमांप्रमाणे हंगामी पिकाला दोन वर्षं आणि फळबागेला तीन वर्षं जावी लागतात. पुडक्यावर ‘जैविक भारत’चं चिन्ह पुढे आलं, माईच्या आजारपणात ते नव्हतं. आमचा आधार ओळखीचा शेतकरी आणि त्याला मोकळेपणी विचारलेला प्रश्न एवढाच होता.

पुरावा काय, हे आमच्यातल्या औषधनिर्माण शिकलेल्या बहिणीनं नंतर धुंडाळलं. ब्रिटनमधल्या ६ लाखांहून अधिक स्त्रियांच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सेंद्रिय खाणाऱ्यांमध्ये एकूण कर्करोग कमी आढळला नाही. फ्रान्समधल्या सुमारे ६९ हजार लोकांच्या २०१८ च्या पाहणीत तो कमी आढळला. पण सेंद्रिय खाणारी माणसं एरवीही तब्येतीला जपणारी, बऱ्या मिळकतीची असतात, हा फरक पूर्ण पुसता येत नाही. आणि या दोन्ही पाहण्या आजार होण्याआधीच्या माणसांच्या. आजार झाल्यावर सेंद्रिय अन्नानं तो बरा होतो, असं त्यातून निघत नाही. कीटकनाशकांचे अंश अशा अन्नात कमी असतात, एवढं मात्र पक्कं. थकलेल्या शरीरावरचा एक भार कमी करावा, यासाठी तेवढं कारण आम्हाला पुरलं.

माई त्यानंतर बरीच वर्षं जगली. ते श्रेय शस्त्रक्रियेचं आणि औषधांचं. अन्नानं तिला उपचार सोसायची ताकद दिली, आणि आम्हाला तिच्यासाठी काहीतरी करता आलं.

देशी बियाणी जपणाऱ्या, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा घरात सगळ्यांनी त्यांच्या मुलाखती ऐकल्या. नातू आजारी पडला आणि आपण देशी बियाण्यांकडे वळलो, असं त्या सांगतात. दादाला ते फार भिडलं. माईच्या आजारपणात त्यानं विहिरीजवळचा एक तुकडा फवाऱ्याविना ठेवला होता. पुढे तिथं शाळू, हुलगा, मूग, थोडा लसूण एवढंच पिकू लागलं. बाग त्यानं सोडली नाही. सोडायला आम्ही कुणी सांगूही शकत नव्हतो, आमच्या डिग्र्या तिच्यावरच उभ्या आहेत. पण २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेतमजूर विषबाधेनं दगावले, त्या बातम्यांनंतर त्यानं गड्याला मास्क-हातमोज्यांशिवाय बागेत पाठवणं बंद केलं आणि फवारण्यांची संख्या खाली आणली.

सेंद्रिय अन्नाची गरज कुणाला सर्वांत जास्त, याचं उत्तर शहरातल्या दुकानात शोधणं मला पटत नाही. पुण्यात दुखणेकऱ्यासाठी आपण किलोला दुप्पट भाव मोजतो. पण ज्याच्या पाठीवर पंप आहे त्याच्या अंगावर फवाऱ्याचं औषध उडतं, त्याच्या घरातलं बाळ त्याच कपड्यांना बिलगतं.

आता आमच्याच पिढीचे रक्ततपासणीचे कागद फिरू लागलेत. कुणाला साखर, कुणाला रक्तदाब, एका भावाच्या मूत्रपिंडावर ताण. त्याला डॉक्टरांनी प्रथिनं मोजून खायला सांगितल्यामुळे हुलगा-मूग, सेंद्रिय असले तरी, बेतानंच. दादाच्या तुकड्यातला शाळू मात्र सगळ्यांकडे येतो. गेल्या संक्रांतीला शाळूच्या दराचा विषय निघाला. दादा घरच्यांकडून पैसे घ्यायला तयार नव्हता. वहिनी म्हणाली, "खुरपणीला बाया लागत्यात, त्यांची मजुरी कोण देणार?" फवारा नसला की खुरपणी वाढते, हा हिशेब तिला आमच्यापेक्षा नीट कळतो. तेव्हापासून बाजारभावाच्या वर खुरपणीची मजुरी धरून आम्ही पैसे सुगीच्या आधीच तिच्या खात्यावर टाकतो.