पाच वनांची वाट

सरफोजी राजांच्या १८०१ सालच्या एका पत्रानं मला तिरुक्करुगावूरला नेलं. १७९९च्या तहानं तंजावरचा राज्यकारभार कंपनीकडे गेला होता आणि राजांच्या हाती किल्ल्यापलीकडे फारसं काही उरलं नव्हतं. अशा वेळी ते इंग्रज रेसिडेंटला लिहितात, की निदान छत्रं तरी माझ्याकडे राहू द्या. छत्रं म्हणजे रामेश्वरच्या वाटेवरच्या धर्मशाळा. तिथे येणाऱ्या कुणालाही अन्न मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, वाटेत दिवस भरलेल्या बाईचं बाळंतपण होई आणि नंतरही तिला आसरा असे. राज्य गमावलेला राजा बाळंतिणीची काळजी करतो, या गोष्टीनं मला कित्येक वर्षं धरून ठेवलं आहे.

कुंभकोणमला तंजावरी मराठी बोलणाऱ्या एका आजोबांशी यावर बोलत होते. ते म्हणाले, बाळंतिणींचं म्हणता तर आधी तिरुक्करुगावूरच्या गर्भरक्षांबिका देवीला जा, आणि परत फिरू नका, तशाच पुढे पाच वनं करा. पंचारण्य म्हणून शिवाची पाच देवळं आहेत. पहाटे तिरुक्करुगावूर, सकाळी अवळिवनल्लूर, दुपारी हरिद्वारमंगलम, संध्याकाळी आलंगुडी, रात्री तिरुक्कोळ्ळंपुदूर. एका दिवसात, त्या त्या प्रहराला त्या त्या देवळात पोचायचं.

कुंभकोणममधल्या लॉजवर झोप मिळालीच नाही. खाली मंगल कार्यालय होतं आणि नादस्वरमचा ध्वनिक्षेपक माझ्या खिडकीकडे तोंड करून होता. शिवाय एक गाइड नवग्रहांची नऊ देवळं सूर्यास्ताच्या आत उरकून देतो म्हणून मागे लागला होता. चाकरमान्यांनी लोकल पकडावी तसं देवदर्शन मला नको होतं. पहाटे चारला रिक्षा केली आणि निघाले.

मार्गळी महिना होता. वीसेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर दोन्हीकडे सांबा भात लोंबीला आलेलं होतं आणि धुक्याखाली पाणी चमकत होतं. उजाडता उजाडता मुग्धबलाक दिसू लागले. त्यांच्या चोची मिटल्या तरी मधे फट राहते. त्या फटीत गोगलगायी धरून ते एकेका खाचरात शांतपणे न्याहारी करत होते. मी वारंवार रिक्षा थांबवायला सांगत होते. ड्रायव्हरनं शेवटी इंजिनच बंद केलं आणि तोही बांधावर येऊन उभा राहिला.

तिरुक्करुगावूर वेट्टार नदीकाठी आहे. इथला मुल्लैवननाथ हा जुईच्या वनाचा नाथ. लिंग वारुळाच्या मातीचं, म्हणून त्यावर पाण्याचा अभिषेक करत नाहीत, पुनुगू म्हणजे जवादी कस्तुरीचा लेप देतात. सातव्या शतकात अप्पर आणि संबंदर यांनी या देवाची पदं रचली. पण गर्दी असते ती देवीपुढे. वेदिका नावाच्या ऋषिपत्नीचा शापानं गळालेला गर्भ देवीनं घटात ठेवून वाढवला, अशी कथा आहे. मूल हवं असलेल्यांना इथे तुपाचा प्रसाद मिळतो, गरोदर बाईला एरंडेलाचा. माझ्यापुढे एक जोडपं उभं होतं. तुपाची डबी तिनं दोन्ही हातांत धरली होती आणि नवरा गर्दीचा धक्का आपल्या पाठीवर घेत होता. पलीकडे कुणी तान्हं बाळ घेऊन नवस फेडायला, पाळण्यात घालायला आलं होतं. सकाळी अवळिवनल्लूरला पोचायचं आहे, हे मी विसरून गेले.

पाचही देवळांचे वृक्ष वेगळे आहेत: जुई, पाडळ, शमी, कपूरमाधुरी, बेल. आज या वाटेवर वन कुठेच नाही, नजर पोचेल तिथवर भात आहे. इथे रानं होती. ती तोडून, पाट काढून पल्लव-चोळ काळात पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी ही पाणथळ शेती घडवली, आणि तोडलेल्या रानाची नावं देवांना दिली. पंचारण्याची यात्रा हा मला त्या हरवलेल्या जंगलाचा नकाशाच वाटतो.

हरिद्वारमंगलमला पोचायला उशीर झाला. देऊळ बंद होतं, म्हणून पाटाच्या कडेला बसले आणि मनातल्या मनात इतिहासकार बर्टन स्टाइनशी भांडले. नीलकंठ शास्त्रींनी चोळांचं राज्य मजबूत आणि केंद्राच्या हातातलं मांडलं. स्टाइननं १९८०च्या ग्रंथात ते उलटवलं: खरी सत्ता ‘नाडू’ या शेतकऱ्यांच्या टापूंत होती आणि राजाचा मान मुख्यतः धार्मिक होता. त्याला आधार होता सुब्बरायलूंनी १९७३ साली काढलेल्या नाडूंच्या नकाशांचा. पाटाकडे पाहिलं की स्टाइन पटतो. कुणाच्या खाचरात आधी पाणी सोडायचं हे गावच ठरवणार, तंजावरहून कुणी येणार नाही. पण राजराज चोळानं पुढे वळनाडू आखले ते नाडूंच्या वर, आणि सीमा म्हणून नद्या घेतल्या. नदी एका गावाच्या हातात मावत नाही. कल्लणैच्या बंधाऱ्यापाशी कावेरीतून वेण्णार फुटते, वेण्णारमधून वेट्टार, आणि मग हा पाट. वरचं तोंड ज्याच्या ताब्यात, त्याच्या मर्जीवर खालचं पीक. १७६०च्या दशकात कल्लणैच्या बांधाची दुरुस्ती कुणी करायची यावरून अर्काटचा नवाब आणि तंजावरचे मराठे यांच्यात वाद पेटला, तो यामुळेच. स्टाइनला पाट दिसला, नदी सुटली.

आलंगुडीला गुरू ग्रहाच्या दर्शनाची रांग रस्त्यापर्यंत आली होती. बाहेरूनच हात जोडले. तिरुक्कोळ्ळंपुदूरला रात्रीच्या पूजेला मोजकी माणसं होती. नदीला पूर आला आणि नावाडी नव्हता, तेव्हा संबंदरानं पदाच्या बळावर नाव पैलतीरी नेली, ती कथा इथली.

१७९९च्या तहानंतर सरफोजींना सालाचे एक लाख होन आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा मिळे. तो महसूल मुख्यतः याच भाताचा. सरस्वती महाल ग्रंथालयातली पोथी आणि छत्रातलं पान, दोन्हींचा खर्च या चिखलातून निघाला. आपण मराठी माणसं तंजावरला जातो, राजवाडा पाहतो, मोठ्या देवळातला भोसल्यांचा शिलालेख वाचतो आणि परततो. ज्या शेतांनी हे सगळं पोसलं ती बसच्या काचेतून मागे पडतात. २०२० साली तमिळनाडूनं कायदा करून हा त्रिभुज प्रदेश संरक्षित कृषिक्षेत्र ठरवला, नव्या तेलविहिरींना बंदी केली. हे फार चांगलं झालं. पण कायदा पाणी आणत नाही. मेट्टूर धरणाचे दरवाजे १२ जूनला उघडतील की नाही, यावर इथल्या कुरुवै भाताची पेरणी आजही ठरते. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास शिकवायचा असेल, तर मुलांना आधी या बांधांवर चालवायला हवं, राजवाडा त्यानंतर.