खोक्यातलं हेड

नवीन सिलिंडर हेड म्हणजे तयार सिलिंडर हेड, असं गिऱ्हाईक धरून चालतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. खोकं सीलबंद असतं, आत तेल लावलेली पिशवी असते, व्हॉल्व्ह-स्प्रिंगा बसवलेल्या असतात. मी मात्र त्या हेडकडे अर्धवट काम म्हणूनच बघतो. ओतकाम झालंय, मशीनिंग झालंय. इंजिनावर चढण्याआधीचं शेवटचं काम बाकी आहे आणि ते माझ्या टेबलावर व्हायचंय. कोल्हापुरात हे कुणाला फार पटवून द्यावं लागत नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांमुळे इथं घरटी एकाला तरी ओतकामाचा वास माहीत असतो. वाळूच्या साच्यातून निघालेला तुकडा वरून गुळगुळीत आणि आतून पोकळ असू शकतो, हे इथं शिकवावं लागत नाही.

माझ्याकडे येणारी बहुतेक हेडं मारुती ८०० आणि ओम्नीची. इंजिन एकच: तीन सिलिंडर, ७९६ सीसी, बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. ८०० बनायची २०१४ मध्ये थांबली, ओम्नी २०१९ मध्ये. गाड्या थांबल्या नाहीत. शाळेची पोरं, भाजी, दुधाचे कॅन, मंडपाचं सामान, सगळं अजून ओम्नीतून फिरतंय, आणि त्यातल्या कितीतरी एलपीजीवर. रेडिएटर कोरडा पडला की हेड तापून वाकतं. आम्ही फेसिंग मारून ते सरळ करतो. असं दोन-तीनदा झालं की मारायला मापच उरत नाही. मग मालक बाजारातून नवीन हेड घेऊन येतो.

“मिस्त्री, नवीनच हाय. संध्याकाळपर्यंत चढवून द्या की.”

“चढवतो की. पण परवा.”

परवा का, हे त्यांना सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. सगळ्यात सोपं दाखवणं वाळूचं. हेड उभं धरायचं, खाली कागद पसरायचा, रबरी हातोडीनं चहूबाजूंनी ठोकायचं आणि पाण्याच्या भोकांतून हवा मारायची. पाणी फिरायच्या पोकळ्या ओतताना आत वाळूचा कोअर ठेवलेला असतो. तो नंतर फोडून काढतात. कोपऱ्यातला चुरा राहून जातो, कधी कोअरला आधार दिलेली तार राहते. कागदावर चमचाभर करडी वाळू पडली की मालक गप्प होतो. तीच वाळू पुढं वॉटर पंपाच्या सीलमध्ये आणि रेडिएटरच्या नळ्यांत जाणार असते. तेलाच्या वाटांचंही तेच. त्यांत ड्रिलचा एखादा छिलका अडकला असेल तर तो सुटून थेट कॅमशाफ्टकडे जातो, आणि या इंजिनात कॅमशाफ्ट ॲल्युमिनियमच्या बोअरमध्येच फिरतो, मध्ये वेगळं बेअरिंग नाही. म्हणून प्रत्येक वाट ब्रशनं धुतल्याशिवाय मी पुढं सरकत नाही.

मग गळती. पाण्याची भोकं रबर आणि पट्ट्यांनी बंद करायची, एकातून दोन-तीन बार हवा सोडायची आणि हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवायचं. पाणी गरमच हवं. थंडपणी मिटून राहिलेली बारीक चीर धातू तापल्यावरच उघडते. बुडबुडे कुठून येतात ते बघायचं: प्लगच्या भोकाजवळून, दोन सीटांच्या मधल्या अरुंद पट्टीतून, की ओतकामातल्या एखाद्या ब्लो होलमधून. बिडाच्या हेडला चुंबकानं चीर शोधता येते, ॲल्युमिनियमला ती सोय नाही; तिथं लाल डाय लावायची, पुसायची आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. चीर असेल तर लाल रेघ वर येते. नव्या हेडला चीर निघाली तर मी दुरुस्तीच्या फंदात पडत नाही. वेल्डिंग जुन्या हेडला ठीक. नवं हेड बिलासकट दुकानात परत.

सपाटी सगळेच बघतात: सरळ पट्टी ठेवून उभी दोनदा, आडवी दोनदा, तिरकी दोनदा, आणि खालून ५० मायक्रॉनचं फिलर पातं जातंय का ते पाहायचं. जात असेल तर फेसिंगशिवाय गत्यंतर नाही. उंची मात्र फार थोडे बघतात, आणि खरी गंमत तिथं आहे. कारखान्यात हेड वाकडं निघालं तर ते भंगारात टाकण्यापेक्षा जास्त मारून सरळ करणं कुणालाही सोपं वाटतं. सपाटी शंभर टक्के बरोबर, पण उंची कमी. चारी कोपऱ्यांची उंची घ्यायची. कधी एक बाजू उताराची निघते. उंची कमी म्हणजे ज्वलनकक्ष लहान. शिवाय कॅम क्रँकच्या जवळ सरकला म्हणजे टायमिंगही किंचित मागं जातं.

ज्वलनकक्ष मी ब्युरेटनं मोजतो. हेड उलटं ठेवायचं, व्हॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला पातळ ग्रीस लावून वर ॲक्रिलिकची भोकाची चकती दाबायची आणि रॉकेल सोडत जायचं. ७९६ ला तीननं भागलं की एका सिलिंडरचे २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ धरलं तर पिस्टन वर असताना साधारण साडेचौतीस सीसी जागा उरायला हवी. त्यातले दोनच सीसी कमी झाले तर कॉम्प्रेशन ९.२ च्या घरात जातं. तिन्ही कक्ष सारखेच कमी असते तर एक वेळ चाललं असतं. पण एक बरोबर आणि दुसरा दोन सीसीनं लहान असं निघालं की ते इंजिन आयडलिंगला कधी शांत बसत नाही, आणि मग मालक कार्ब्युरेटरवाल्याच्या मागं लागतो. बिचाऱ्या कार्ब्युरेटरवाल्यावर या शहरात जेवढा अन्याय होतो तेवढा कुणावरच होत नसेल.

एवढं जमलं की हेड ठेवण्याजोगं. तिथून पुढं ते सुधारायचं, आणि माझा बहुतेक वेळ गाईड आणि सीट यांच्यावर जातो.

क्रम महत्त्वाचा. आधी गाईड, मगच सीट. सीट कापायच्या कटरचा पायलट गाईडमध्येच बसतो. गाईड ढिला किंवा तिरका असेल तर सीटही तेवढीच तिरकी कापली जाणार. बाजारातल्या हेडमध्ये गाईड दाबून बसवतात. दाबताना त्याचं भोक आवळतं आणि ते रीमरनं मापात आणायचं राहून जातं. मग एक व्हॉल्व्ह तेलासारखा सरकतो आणि शेजारचा हातानं ढकलावा लागतो. एक्झॉस्टची दांडी जास्त तापते, जास्त फुगते. तिला इनटेकपेक्षा शंभरावा हिस्सा मिलिमीटर जागा जास्त हवी. सहाही गाईड एकाच मापाचे दिसले की समजायचं, कुणीतरी एकच रीमर फिरवून मोकळा झालाय.

आता सीट. शिसंयुक्त पेट्रोल होतं तोवर शिशाचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये बसायचा आणि धातूला धातू लागू द्यायचा नाही. २००० साली देशभर शिसं बंद झालं. हवेसाठी ते फार चांगलं झालं. साध्या बिडाच्या सीटांना मात्र वाईट. त्यात एलपीजी कोरडाच येतो, पेट्रोलच्या थेंबांनी मिळणारा थोडा थंडावाही नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापलेल्या सीटवर आपटतो, सीटचे सूक्ष्म कण त्याला चिकटतात, उचलताना तुटून येतात. सीट हळूहळू खाल्ली जाते आणि व्हॉल्व्ह आत रुतत जातो.

खोक्यावर ‘गॅससाठी योग्य’ छापलेलं असतं. छापायला काय लागतं! कटर लावला की कळतं. साधं बीड असेल तर मऊ करडी पूड पडते, हात सहज फिरतो. कठीण सीट कार्बाइडलाही जोर करायला लावते. गाडी गॅसवर चालणार असेल आणि पूड पडली, तर एक्झॉस्टच्या तिन्ही सीटा मी बदलतो, नव्या हेडच्या असल्या तरी. मालकाला हे सांगताना फार वाईट चेहरे बघावे लागतात.

जुनी सीट कापून काढायची, खोबणी नव्या मापाला बोअर करायची, आणि तळ पूर्ण सपाट ठेवायचा. व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता सीटमधूनच हेडमध्ये उतरते. तळाशी फट राहिली तर सीट तापून सुटते. तीस मिलिमीटरच्या सीटला मी ०.०८ मिलिमीटर आवळ ठेवतो. थंडपणी ठोकून बसवली तर ॲल्युमिनियम ओरबाडून निघतं. म्हणून हेड भट्टीत १३० अंशांपर्यंत न्यायचं. ३० अंशांवरून शंभर अंश चढले की खोबणी ०.०७ नं उघडते. सीट घरच्या फ्रीजरमध्ये उणे १८ ला ठेवली तर ती ०.०१५ नं आवळते. बेरीज ०.०८५. म्हणजे हातात उरतात पाच मायक्रॉन आणि काही सेकंद. ड्राय आइस मिळाला तर तब्बल पंचवीस मायक्रॉन मोकळे मिळतात आणि सीट हलक्या टिचकीनं ‘टक्’ करून तळाला बसते. तो आवाज ओळखू येतो. मध्येच अडकलेली सीट वेगळी वाजते, बोथट. ती लगेच काढावी लागते, कारण एकदा हेडची उष्णता तिनं ओढली की ती हलत नाही.

मग ३०, ४५ आणि ६० अंशांचे काप. बसायचा काप पंचेचाळीसचा. वरचा आणि खालचा काप त्या पट्टीची रुंदी आणि जागा ठरवतात. एक्झॉस्टला पट्टी फार अरुंद करायची नाही, उष्णता जायला जागा हवी. निळं लावून व्हॉल्व्ह फिरवायचा, गोल सलग रेघ आली पाहिजे. पेस्ट लावून तासन्‌तास घासणारे मिस्त्री मी पाहिलेत. चुकीचा काप घासून बरोबर होत नाही, फक्त रुंद होतो.

स्प्रिंगांना थोडक्यात आटोपतो: सपाट प्लेटवर गुण्या लावून तिरक्या निवडून टाकायच्या आणि ठरल्या उंचीला दाब मोजायचा. व्हॉल्व्हचे ऑइल सील खोक्यातले मी ठेवतच नाही.

पोरं येतात ती पोर्ट पॉलिश करा म्हणत. आरशासारखा चकचकीत इनटेक पोर्ट मोबाइलवर फोटोत छान दिसतो. कार्ब्युरेटरच्या इंजिनात तो नुकसानच करतो. पेट्रोल भिंतीवर चिकटून ओघळत जातं. थोडा खरखरीतपणा हवाच. त्यापेक्षा सीटच्या खाली मशीनिंग आणि ओतकाम जिथं मिळतं तिथली धारदार पायरी उतरवा, मॅनिफोल्डचं तोंड पोर्टला जुळवा. फोटोत काही दिसत नाही, म्हणून या कामाचे पैसे मागताना जीभ अडखळते.

हेड चढवणं हा त्या मानानं किरकोळ भाग. ब्लॉकची बोल्टची भोकं कोरडी करायची, मधून बाहेर टप्प्याटप्प्यानं टॉर्क द्यायचा, टॅपेट थंडपणी लावायचे.

गॅसवरच्या ओम्नीला हजारभर किलोमीटरनं टॅपेट बघायला परत या म्हणून मी सांगतो आणि सहाही गॅप वहीत लिहून ठेवतो. व्हॉल्व्ह रुतला की त्याची दांडी वर येते आणि गॅप कमी होतो. पुढच्या वेळी कुठला आकडा घटला ते वहीवरून दिसतं. अडचण अशी की गॅप कमी झाला की टॅपेटचा आवाजही कमी होतो. मालक खूश असतो. “मिस्त्री, काय इंजिन झालंय, आवाजच न्हाई!” म्हणत तो रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून येतो आणि मी फिलर काढला की त्याला वाटतं, आता हा खर्च काढणार. परत आलं नाही तर जबाबदारी माझी नाही, हे अलीकडे बिलावरच छापून घेतलंय. त्यावरूनही भांडणारे आहेत. त्यांना मी जुनी, खाल्ली गेलेली सीट हातात देतो आणि तिच्या काठावरून नख फिरवायला सांगतो.